दिव्याला रक्त नसतं

मॅडमशी बोलायला गेलं की त्या आपल्या चेहऱ्याकडे बघायच्याच नाहीत. मनगटावरच्या घड्याळाकडे बघायच्या. मध्येच एकदा आपल्या गळ्याखाली नजर टाकायच्या आणि पुन्हा घड्याळ. पहिल्याच आठवड्यात माझी खात्री पटली की या बाईंना माझा कंटाळा आलाय. माझी मैत्रीण नसरीन शहागंजातली, तोंडाची फटकळ. ती वर्गाबाहेर येऊन फणफणली, "इतनी जल्दी हय तो पढाने कू आतेच कायकू?"

उलगडा झाला तो नसरीनमुळेच. एके दिवशी ती शंका विचारायला उभी राहिली. मॅडमनी नेहमीसारखं घड्याळ बघितलं आणि शंका बाजूला ठेवून म्हणाल्या, "कालच्यापेक्षा आज तुझा श्वास लई जोरात चाललाय. ताप हाय का अंगात?"

ताप होता. दुपारी दवाखान्यात गेली तर न्यूमोनियाची सुरुवात निघाली. म्हणजे इतके दिवस बाई घड्याळ बघून आम्हा सगळ्यांचे श्वास मोजत होत्या!

"मग सांगून मोजायचे ना, मॅडम," मी नंतर म्हटलं. "आम्हाला उगीच वाईट वाटत होतं."

"सांगितलं की माणूस श्वास बदलतो," त्या म्हणाल्या. "नाडीचं तसं नाय, ती आपल्या हातात नाय. श्वास अर्धा आपल्या हातात, अर्धा नाय. म्हणून तर शिकायला अवघड."

आम्ही बायोमेडिकल इंजिनिअरिंगच्या मुली. दवाखान्यातली यंत्रं बनवायची आणि दुरुस्त करायची, हे आमचं शिक्षण. सर्किट, सेन्सर यांत आम्हाला रस. शरीराचा एक विषय असायचा, तो पास होण्यापुरता करायचा असा आमच्या आधीच्या सगळ्या वर्गांचा रिवाज. मॅडम तो विषय शिकवायच्या. त्या स्वतः डॉक्टर. बरीच वर्षं भावी डॉक्टरांना शरीरक्रियाशास्त्र शिकवून मग आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आल्या होत्या. असं उलट्या दिशेनं कोणी येत नाही, त्यामुळे त्यांचं तिकडं काहीतरी बिनसलं असणार, असं स्टाफरूममध्ये बोललं जायचं.

त्यांचं बोलणं वेरूळच्या पलीकडच्या डोंगरातलं, धनगरवाडीचं. इतकं शिकून ते बदललं नव्हतं आणि बदलावं असं त्यांना वाटतही नव्हतं. सुती साडी, पायात पोरांचे असतात तसले कॅनव्हासचे बूट, खांद्यावर कापडी पिशवी. पिशवीत सायकलचा पंप, फुगे, आणि कधीकधी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं मेंढीचं अख्खं फुप्फुस. ते टेबलावर ठेवून त्या श्वासनलिकेत पंपाची नळी खुपसायच्या आणि हवा भरायच्या. तो मरगळलेला गोळा तव्यावरच्या भाकरीसारखा टम्म फुगायचा. आमच्या घरी श्रावणात कांदासुद्धा चालत नसे. मी नाकाला ओढणी लावली.

"ओढणी लावून काय व्हतंय?" मॅडम पंप मारता मारता म्हणाल्या. "हेच घेऊन बसलीयेस तू आत."

वर्गाच्या खिडक्या त्या बंद करू द्यायच्या नाहीत. चैत्र-वैशाखाच्या झळा आत यायच्या, वह्यांवर धूळ साचायची, आम्ही कुरकुरायचो. "धूळ पुसता येते," एवढंच त्यांचं उत्तर. आणि एक वाक्य आठवड्यातून एकदा तरी ठरलेलं: "आत किती घेतलं ते सगळे विचारतात. बाहेर किती टाकलं ते कोण विचारतंय?" ऑक्सिजनच्या नादात कार्बन डायऑक्साइड विसरणाऱ्या मुलींना ते असायचं. पण त्या ते कॅन्टीनवाल्यालाही ऐकवायच्या, प्राचार्यांनाही.

योगायोगानं आम्ही ज्या खाजगी होस्टेलमध्ये राहायचो, त्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर त्या भाड्यानं राहत. होस्टेल मुकुंदवाडीच्या पुढे. काका आणि काकू ते चालवायचे. काका कचेरीतून निवृत्त झालेले कारकून, शिस्तीचे. काकूंचा आवाज गच्चीपर्यंत ऐकू यायचा. तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं आणि पावसानं लागोपाठ काही वर्षं पाठ फिरवली होती. नळाला पाणी कधी येईल सांगता यायचं नाही. टँकर यायचा तोही त्याच्या मर्जीनं. आम्ही भाजी धुतलेल्या पाण्यात हात धुवायचो आणि ते पाणी झाडांना घालायचो.

अशा दिवसांत एका रविवारी मॅडम खाली आल्या आणि म्हणाल्या, "पोरींनो, चादरी आणा."

आदल्या दिवशी त्यांनी वर्गात विचारलं होतं, फुप्फुसातले सगळे बारीक फुगे उघडून सपाट अंथरले तर किती जागा लागेल? कोणी टेबलाएवढी म्हटलं, कोणी पलंगाएवढी. आता होस्टेलच्या अंगणातल्या बॅडमिंटनच्या मैदानावर त्या चादरी अंथरत सुटल्या. आमच्या संपल्या तेव्हा काकूंच्या कपाटातल्या धुतलेल्याही बाहेर आल्या. शेवटी जवळजवळ अख्खं मैदान झाकलं गेलं.

"हे सगळं घड्या घालून बरगड्यांच्या आत ठेवलंय," मॅडम म्हणाल्या. "इकडून हवा, तिकडून रक्त. मधी फक्त पडदा. आणि चादर लई जाड झाली बरं का. कांद्याचा पापुद्रा घ्या, त्याहून कितीतरी पातळ."

तेवढ्यात वावटळ आली आणि अंगणातली सगळी लाल माती चादरींवर बसली. काकू धावत बाहेर आल्या.

"अहो बाई! कपाटातल्या चादरी? आता धुवायला पाणी कुठून आणू मी?"

मॅडमनी घड्याळ बघितलं. "काकू, जरा बसा. तुमचा श्वास चढलाय."

काकू आणखी भडकल्या. मॅडमनी मग दिवसभर आमच्याबरोबर गच्चीवर उभं राहून एकेक चादर झटकली. संध्याकाळी आम्ही सगळ्या खोकत होतो. "आता ही धूळ नाकापासून कुठवर जाती," त्या म्हणाल्या, "ते उद्या शिकू."

त्या भागात पूर्वी ज्वारीची शेतं होती. शहर वाढत आलं तसे प्लॉट पडले, बंगले उठले, आणि शेतांतल्या विहिरी लोकांच्या कुंपणांत अडकल्या. आमच्या अंगणाच्या कोपऱ्यातही एक होती. काकांनी घर बांधताना तिच्यावर स्लॅब टाकला होता. त्या उन्हाळ्यात टँकर फारच रेंगाळू लागला तेव्हा त्यांनी तो स्लॅब फोडायला लावला. कामाला किसन आणि भीमा असे दोघे सख्खे भाऊ आले. तेही मॅडमच्याच डोंगराकडचे. चारा नाही म्हणून बरीचशी मेंढरं विकून, उरलेली बापाच्या हवाली करून विहिरींची कामं घेत हिंडत होते. त्यांनी कचरा काढला, गाळ उपसला, आणि तळाशी खरंच पाणी दिसलं. पण विहीर इतकी खोल की वर ठेवलेल्या पंपानं पाणी ओढलं जाईना. म्हणून पंपासकट डिझेलचं इंजिनच दोरांनी खाली सोडलं. आत खडकाची पायरी होती, तिच्यावर ते बसवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून इंजिन धडधडत होतं. गढूळ का होईना, पाणी वर येत होतं. आम्ही बादल्या घेऊन नाचत होतो. दुपारी धार बारीक झाली आणि बंद पडली. पंपाच्या तोंडात गाळ अडकला होता. वरून दोरी ओढून इंजिन बंद केलं आणि किसन उतरायच्या तयारीत होता तेवढ्यात मॅडम कॉलेजातून आल्या.

"किती वेळ चाललं इंजिन?"

"सकाळधरनं," भीमा म्हणाला.

"मग आज कोणी उतरायचं नाय. विहीर उघडी राहू द्या. उद्या बघू."

काका वैतागले. "मॅडम, टँकर परवा येणार. एवढ्या मुलींना मी काय पाजू? आणि आम्ही काही वेडे नाही. कंदील सोडून बघितलाय खाली. छान जळतोय."

"जळणारच. दिव्याला रक्त नसतं."

काकांना ते कळलं नाही. नसरीनला आणि मला कळलं, कारण थोड्याच दिवसांपूर्वी ते वर्गात झालं होतं. इंजिनाच्या धुरात एक वायू असतो, त्याला वास नाही, रंग नाही. दिव्याला त्यानं काही होत नाही. पण माणसाच्या रक्तात ऑक्सिजनची जी जागा, तिथं तो जाऊन बसतो आणि उठायचं नाव घेत नाही. मग आजूबाजूला ऑक्सिजन कितीही असो, त्याला बसायला जागाच उरत नाही.

मॅडमनी हे सगळं काकांना सांगितलं. किसनलाही सांगितलं. तो हसला. "बाई, दोन मिन्टाचं काम हाय. गाळ काढतो अन् येतो वर. असल्या लई हिरी केल्या."

विहीर काकांची, काम किसनचं, मॅडम तिथं भाडेकरू. त्यांचा आवाज चढला, मग थरथरला. शेवटी त्या म्हणाल्या, "बरं. मग माझं एवढं ऐक. कमरेला दोर बांध. आणि खाली गेल्यावर बोलायचं थांबायचं नाय. क्षणभरसुद्धा नाय."

"काय बोलू?"

"मेंढरं हायत ना तुझी? एकेकीचं नाव सांग."

"तुमाला कसं ठावं, मेंढरं हायत?"

"तुझ्या चालण्यावरून. माझा बाप तसाच चालायचा."

आम्हाला त्यांनी व्हरांड्यातले कूलर ओढत आणायला लावले. पाणी नसल्यानं ते कोरडेच पडून होते. वायर जोडून त्यांची तोंडं विहिरीकडे केली. भीमा, नसरीन आणि मी कप्पीवरून आलेला दोर धरला. मॅडम काठाशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या. काका मान हलवत बाजूला उभे राहिले. त्यांच्या दृष्टीनं हा सगळा तमाशा होता.

खालून किसनचा आवाज घुमत येऊ लागला. "मोरी... तिला औंदा दोन कोकरं झाली... कानाडी... ही ढवळी, लई खोडीची... चांदी..." मध्येच खोरं खरवडल्याचा आवाज. "बोडकी... बोडकीला शिंगंच नायत..." मग जरा शांतता. "मोरी... बोडकी... बोडकी..." आणि तो खुदकन हसला. "बोडकी..."

"बघा," काका म्हणाले, "गडी मजेत आहे."

मॅडम उठल्या तशी खुर्ची मागे कोसळली. "ओढा!"

"पर काम..." भीमा म्हणाला.

"ओढ म्हणते ना!"

आम्ही ओढलं. किसन थोडा वर आला आणि दोर अडकला. दोर पायरीवरच्या इंजिनाखाली सापडला होता. भीमानं हाका मारल्या. खालून काहीच नाही. भीमानं दोर सोडला आणि विहिरीत उतरायच्या पायठणीवर पाय टाकला. त्या क्षणी मॅडमनी मागून त्याचा सदरा दोन्ही मुठींत धरला आणि मागे लोंबकळल्या. त्या अंगानं किडकिडीत, पण सोडेनात.

"सोडा! माझा भाव हाय त्यो!"

"व्हय. म्हणूनच सोडत नाय. तू उतरलास की दोघं जाल. तुझं बळ मला वर पायजे. दोर धर!"

तो रडत होता, पण फिरला. दोर थोडा सैल सोडून, एका बाजूला झुलवून पुन्हा ओढला. काका धावत येऊन आमच्या मागे दोराला भिडले. काकू आल्या, होस्टेलमधल्या बाकीच्या मुली आल्या. दोर सुटला आणि एका झटक्यात मोकळा येऊ लागला. किसन वर आला तेव्हा त्याची मान लुळी होती, पण छाती हलत होती. कुशीवर वळवल्यावर तो ओकला. काकांच्या दोन्ही तळहातांची सालं निघाली होती, तरी गाडी त्यांनीच चालवली.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होता, सकाळपासून उभा असावा असा दमलेला. विहिरीवर चक्कर आली, एवढंच त्याला भीमानं सांगितलं. त्यानं किसनच्या बोटाला चिमटा लावला. यंत्रावर अठ्ठ्याण्णव आकडा आला. "ऑक्सिजन छान आहे," तो म्हणाला. "ऊन लागलं असेल. सलाईन देऊ, संध्याकाळी घरी न्या."

मला हुश्श वाटलं. ते यंत्र माझं लाडकं होतं. तसलंच एक आम्ही प्रयोगशाळेत जुळवलं होतं. बोटातून प्रकाश जातो आणि रक्त किती लाल आहे त्यावरून आकडा ठरतो. मॅडम आता आरडाओरडा करणार, असं मला वाटलं. पण त्या अगदी हळू बोलल्या.

"डॉक्टर, यंत्र खरं बोलतंय. रक्त लाल हाय. पण कशानं लाल हाय, ते त्याला दिसत नाय. हा माणूस इंजिनाच्या धुरातून आलाय."

डॉक्टर थांबला. "इंजिन? विहिरीत इंजिन होतं?" आणि मग तो पळालाच. मिनिटभरात किसनच्या तोंडावर मास्क चढला, त्याला जोडलेली पिशवी ऑक्सिजननं फुगली, रक्ताचा नमुना गेला. "आता याच्या रक्तातून त्या वायूला ऑक्सिजननं ढकलून बाहेर काढायचं," जाता जाता तो मला म्हणाला. "वेळ लागेल."

वेळ लागला. किसन डोकं धरून कण्हत होता. मॅडम थोड्या थोड्या वेळानं त्याच्याजवळ जायच्या आणि मेंढ्यांची नावं विचारायच्या. आधी तो दोनच सांगायचा. मग तीन. मग चिडायचा. ऊन उतरलं तेव्हा त्यानं मास्कच्या आतून सगळी नावं नीट सांगितली आणि म्हणाला, "अन् एक नवी हाय, बाई. तिचं नाव ठेवायचं ऱ्हायलंय."

भीमा बाहेर येऊन मॅडमच्या पायांवर पडायला गेला. त्यांनी पाय मागे घेतले आणि बाकावर बसल्या. मी त्यांच्याजवळ बसले.

"मी लहान असतानाचा दुष्काळ," त्या म्हणाल्या. "असंच इंजिन सोडलं होतं हिरीत. बाप उतरला. हाकेला ओ देईना, म्हणून चुलता उतरला. मग त्योही ओ देईना. लोक म्हणले, हिरीत कायतरी हाय. नारळ फोडले, हीर बुजवली. मला ते 'कायतरी' काय हाय ते बघायचं होतं."

"म्हणून डॉक्टर झालात?"

"व्हय. अन् कळलंसुद्धा. दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात एका पानावर होतं."

मी विचारलं, "मग मेडिकलची मुलं सोडून आमच्याकडे का आलात?"

"डॉक्टरला माणूस वर आल्यावर भेटतो," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही लोक तो उतरायच्या आधी कायतरी करू शकता."

त्या वर्षी नसरीनचा आणि माझा प्रोजेक्ट ठरून गेला. जोरदार पंखा, त्याला कापडाची लांब रुंद नळी, म्हणजे ताजी हवा थेट विहिरीच्या तळाला जाईल. सोबत त्या वायूचा सेन्सर आणि भोंगा. पहिला भोंगा काकूंच्या उदबत्तीनं वाजला आणि अख्खं होस्टेल रस्त्यावर आलं. आम्ही यंत्राला चाकं लावली, तर बरा झालेला किसन बघायला येऊन म्हणाला, "ढेकळांत चाकं चालतेत व्हय? पाठीवर घेता आलं पायजे." चाकं काढली, पट्टे लावले. वजन कमी करता करता नसरीननं सगळं पुन्हा उघडलं, पुन्हा जोडलं. काकांनी मात्र आमची वाट बघितली नाही. पाण्यात बुडणारा विजेचा पंप आणून त्यांनी इंजिन कायमचं वर काढलं, आणि कोणी पाहुणा आला की त्याला विहिरीपाशी नेऊन 'दिव्याला रक्त नसतं' हे स्वतःचं वाक्य असल्यासारखं सांगायला लागले.

पुढे शहर बिडकीनपर्यंत पसरलं. तिथल्याच एका कारखान्यात मी दवाखान्यांसाठी ऑक्सिजनची उपकरणं बनवते. नसरीन गॅस ओळखणारे सेन्सर बनवते आणि अजूनही फटकळच आहे. मॅडम निवृत्त झाल्या आणि कुणाला न सांगता आपल्या वाडीवर राहायला गेल्या.

गेल्या उन्हाळ्यात मी त्यांना भेटायला गेले. पुन्हा एक कोरडं वर्ष. वेरूळ मागे टाकून डोंगर चढताना दोन्ही बाजूंची शेतं नुसती भेगाळलेली. त्यांचं घर लहान, पुढे ओटा. केस पूर्ण पांढरे झालेले. मला बघून त्यांनी चहा टाकला, आणि तो उकळायच्या आत एक शेतकरी मोटारसायकलवरून आला.

"आत्या, पंखा पायजे. हिरीत सुरुंग लावून दगड फोडलाय, उतरायचंय."

मॅडमनी ओट्याच्या कोपऱ्यातली ताडपत्री उचलली. खाली आमचा पंखा होता. कापडी नळी तीनचार ठिकाणी ठिगळांनी शिवलेली, पट्टे बदललेले, भोंग्याला नवी बॅटरी. आजूबाजूच्या वाड्यांत तो फिरत असतो, हे मला तेव्हा कळलं. शेतकऱ्यानं तो पाठीवर चढवला. मला वाटलं, आता तो जाईल आणि आम्ही बोलत बसू. तर मॅडम पदर खोचून त्याच्या मागे बसल्यासुद्धा.

"पंखा एकटा जात नाय," त्या मला म्हणाल्या. "चहा बघ जरा. मी आलेच."

मोटारसायकल उतारावरून खाली गेली. धूळ बराच वेळ हवेत राहिली. मी चहा उतरवून झाकून ठेवला आणि ओट्यावर बसले. ऊन कलत गेलं. शेजारची एक बाई येऊन बसली, काही न विचारता तिनंही उताराकडे डोळे लावले.

दिवस मावळायच्या आत गाडीचा आवाज आला. मॅडम उतरल्या, कमरेवर हात ठेवून ताठ झाल्या आणि ओट्याकडे चालत आल्या. त्यांच्या पोटरीपर्यंत चिखल होता. काळा, चकाकणारा, ओला चिखल, विहिरीच्या तळाचा.

"तसं बघतीस काय?" त्या म्हणाल्या. "चहा गरम कर."